पट्ट्याचा ताण आणि शहापूरच्या आक्का

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "वाहन क्षेत्रातील आपली वाटचाल, असा काहीतरी लेख द्या." मी विचारात पडलो. चाळीसेक वर्षं मी एकाच जागी उभा आहे, तोही वाकून. चालल्या त्या गाड्या. माझ्याकडे आल्या, बऱ्या झाल्या, निघून गेल्या. शिवाय वाटचाल लिहिणाऱ्या माणसाला कुठेतरी मागे वळून पाहावं लागतं, आणि मी मागे वळलो तर मला गॅरेजची भिंत दिसते. तिच्यावर पाने टांगलेले आहेत आणि एका फळीवर वाचनालयाची दोन पुस्तकं आहेत, ग्रीसचे डाग लागू नयेत म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. म्हणून मी त्यांना म्हटलं, वाटचाल जमणार नाही. एका रबरी पट्ट्याबद्दल लिहितो. चालत असेल तर छापा.

माझं गॅरेज बेळगावात अनगोळला, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. विद्या मात्र निपाणीची. तिथे तंबाखूच्या ट्रकांखाली पडून पडून मी शिकलो. आमचे वस्ताद फार बोलत नसत. काम झालं की ते एकच शब्द म्हणायचे, "परत बघ." आपण परत बघायचं. बरोबर असलं तरी बघायचं. त्या वयात मला ते अपमानाचं वाटे.

आता पट्टा. गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका अंगाला काळा रबरी पट्टा दिसतो. त्याला आम्ही फॅनबेल्ट म्हणतो. आता बहुतेक गाड्यांत पंखा विजेवर वेगळा फिरतो, पट्ट्याचा आणि फॅनचा काही संबंध उरलेला नाही, तरी नाव चिकटून राहिलं आहे. माजी आमदाराला लोक आमदार म्हणत राहतात, तसंच. हा पट्टा इंजिनाच्या खालच्या पुलीवरून जोर घेतो आणि वरची दोन चाकं फिरवतो. एक अल्टरनेटरचं, म्हणजे वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं. दुसरं वॉटरपंपाचं, म्हणजे इंजिनाभोवती पाणी खेळवून त्याला थंड ठेवणाऱ्या पंपाचं.

पट्टा सैल असला तर घसरतो आणि चिरकतो. गाडी सुरू करताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येतो तो हाच. बॅटरी उतरते, इंजिन तापतं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पट्टा जास्त ताणला तर काय होतं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, कारण जास्त ताणलेला पट्टा मोठा आवाज करत नाही. तो गुपचूप बेअरिंग खात बसतो. पुलीच्या आत छर्रे असतात, त्यांच्यावर रात्रंदिवस एका बाजूनं ओढ बसते, आणि एक दिवस पंप हात टेकतो.

ताण बघायचा कसा, तेही सांगतो, म्हणजे तुमचा मेकॅनिक काय करतो ते तुम्हाला कळेल. इंजिन बंद करायचं. किल्ली काढून खिशात टाकायची. दोन पुलींमधला पट्ट्याचा सगळ्यात लांब पल्ला शोधायचा आणि त्याच्या मधोमध अंगठ्यानं जोर देऊन दाबायचं. जुन्या गाड्यांत साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. कमी-जास्त असेल तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, लाकडी दांडा घालून त्याला बाहेर रेटायचं, रेटून धरलेलं असतानाच बोल्ट आवळायचा. मग पुन्हा दाबून बघायचं. हे शेवटचं 'पुन्हा' बहुतेक जण गाळतात. नवा पट्टा असेल तर थोडे दिवस गाडी चालवून आणखी एकदा बघायचं, कारण नवं रबर वाढतं. आता नव्या गाड्यांत ताण देणारी स्प्रिंग असते, ती आपली आपण सांभाळते. माझा तिच्यावर राग नाही. पण आमच्या भागात अजून पुष्कळ गाड्या अशा आहेत, ज्यांना माणसाचा हात लागतो.

हा हात माझा चांगला आहे. हे मी सांगतो त्यात बढाई नाही, लोक सांगतात. खानापूरपासून संकेश्वरपर्यंतचे गाडीवाले येतात. मी बॉनेट उघडण्याआधी आवाजावरून सांगतो, कुठलं बेअरिंग आहे ते. बहुतेक वेळा बरोबर येतं. हे 'बहुतेक' पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवा.

आमच्याकडे खंडेनवमी मोठी. सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. विळी, कोयता, हातोडा धुऊन, तेलाचं बोट लावून, हळदकुंकू वाहून पाटावर मांडतात. गाड्यांना झेंडूच्या माळा, पुढे ऊस, चाकाखाली लिंबू, नारळ. आणि दसरा उलटला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गाड्यांची रांग लागते. सगळ्या चिरकत येतात. मालक म्हणतात, "अण्णा, पूजा केली आनि गाडी बिघडली." गाडी बिघडलेली नसते. नारळाचं पाणी जाळीतून आत गेलेलं असतं. कुठे कुंकू, कुठे झेंडूची पाकळी पुलीच्या खाचेत. ज्यांची भक्ती जास्त, त्यांनी हत्यार म्हणून पट्ट्यालाच तेल लावलेलं असतं. रबराला तेल लागलं की ते घसरणारच.

याला औषध एकच. पट्टा उतरवायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पुलीच्या खाचा पुसायच्या, वाळवायचं, परत चढवायचं आणि होता तेवढाच ताण द्यायचा. ताण वाढवायचा नाही. ताण वाढवला तर आवाज तात्काळ बंद होतो, हीच खरी अडचण आहे. घसरणारा पट्टा तुम्ही जबरदस्तीनं पुलीवर आवळता, तो गप्प बसतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. घाईच्या गॅरेजवाल्यांचा तो आवडता इलाज आहे. मी त्यांना पुष्कळ नावं ठेवली आहेत.

चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी माझ्या दारात आठ गाड्या होत्या. सगळ्यात पुढे एका सहकारी संघाच्या अध्यक्षांची. नाव लिहीत नाही, ते स्वतःच सगळीकडे लिहून ठेवतात. त्यांच्या गाडीची पूजा साधी नव्हती. बँड होता, मंडप होता, आणि पुरोहितांनी उत्साहाच्या भरात बॉनेट उघडून इंजिनाला पंचामृताचा अभिषेक केलेला. पट्ट्यावर मध होता. मी चाखून बघितला नाही, पण मुंग्यांनी खात्री करून घेतली होती.

"अण्णा, पयलं आमचं," अध्यक्ष म्हणाले. "अकराला उद्घाटन हाय."

"कशाचं, साहेब?"

"बसथांब्याचं. मानसं उभी हाईत तिथं."

"बसथांब्यावर मानसं उभीच असत्यात," मी म्हटलं आणि त्यांचा पट्टा उतरवायला घेतला.

तेवढ्यात कुलकर्णी गुरुजींची गाडी आली. ही माणसं मला जवळची. गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. खानापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एका लहानशा गावात त्यांचं घर आहे. तिथे दिवसाला दोन एसट्या येतात, आणि त्याही त्यांच्या मर्जीनं. त्यांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, मूळच्या बेळगावातल्याच शहापूरच्या, हातमागावर साड्या विणणाऱ्या घरातल्या. त्या काळी अशा दोन घरांतलं लग्न गावाला चघळायला पुरलं होतं. लग्न होऊन गेल्या तेव्हा माग बरोबर घेऊन गेल्या.  पुढे आक्कांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवारी आणि शनिवारी त्यांना डायलिसिससाठी बेळगावला यावं लागायचं. मशीनवर चार तास. म्हणून गुरुजींनी जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतलेली. ती माझ्याच हाताखाली वाढली होती म्हणा ना.

गाडी चिरकत होती. गुरुजी खाली उतरले. "अण्णा, अकराची वेळ आहे हॉस्पिटलात. वाटेत बंद पडणार नाही ना?"

मी घड्याळ बघितलं. अध्यक्षांचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून उभा. मागे सात गाड्या. गुरुजींचा पट्टा उतरवून, धुऊन, वाळवून चढवायचा म्हणजे अर्धा तास. माझ्या आयुष्यात मी हजारदा जे करू नका म्हणून सांगितलं, ते त्या दिवशी मी केलं. बोल्ट सैल केले, दांडा घातला, अल्टरनेटर चांगला रेटला, आवळला. पट्ट्याकडे नीट पाहिलंही नाही. इंजिन सुरू केलं. आवाज बंद. तीन मिनिटांत काम. रांगेतल्या कुणीतरी 'वा' म्हटलं, आणि मला ते आवडलं, हेही लिहून टाकतो.

आक्का गाडीत पुढे बसल्या होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "अण्णा, ताण लई दिलासा काय?"

"न्हाय आक्का. बरोबर हाय."

"तार ताणल्यागत गुनगुन येतीया."

"आक्का," मी म्हटलं, "ह्यो माग न्हवं. गाडी हाय."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. त्यांच्याबरोबरचे दोघेही हसले, कारण ते त्यासाठीच असतात. आक्का हसल्या नाहीत. "व्हय," त्या म्हणाल्या. "मागावर ताण जास्त झाला तर धागा जातोय, एवढंच." आणि काच वर केली.

त्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. "अण्णा, मला काही ऐकू येत नाही. पण हिचं म्हणणं आहे, आवाज वाढतोय."

"नवा ताण आहे गुरुजी. बसेल," मी म्हटलं. फोनवर माणूस जास्त ठाम बोलतो.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा फोन. या वेळी आवाज गुरुजींच्या मुलाचा, विनयचा. तो पुण्याला नोकरीला. दिवाळीसाठी सुट्टी काढून आठवडाभर आधी आलेला. "अण्णा, गाडी बंद पडलीय. खानापूर सोडून थोडं पुढं आलोय. नुसती वाफ. आईला अकराला पोचवायचंय."

मी माझी जीप काढली. जाताना मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर 'बघितल्याशिवाय काय सांगणार' असं म्हणालो असतो, पण मला माहीत होतं.

रस्त्याच्या कडेला झाडाखाली गाडी उभी होती. खाली हिरवट पाण्याचा ओघळ. गुरुजी म्हणाले, "ही एकदम 'थांबवा' म्हणाली. मी थांबवली, आणि मग वाफ आली." म्हणजे काटा वर चढायच्या आत आक्कांनी आवाजावरून ओळखलं होतं. अजून दोन किलोमीटर तशीच गेली असती तर इंजिनाचं हेड गेलं असतं, आणि त्या जुन्या गाडीची ती शेवटचीच फेरी ठरली असती.

आक्कांना जीपमध्ये बसवलं. त्यांचे पाय सुजले होते आणि श्वास जरा वर लागत होता. वाटेत त्या पट्ट्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. विनय मात्र बोलत होता.

"आई, आता पुरे. मी किती दिवस सांगतोय, हॉस्पिटलच्या जवळ खोली घेऊ."

"खोलीत मी काय करू रं?"

"आराम कर."

"आराम मशीनवर करतीया की आठवड्याला आठ तास."

"आज हा रस्ता होता म्हणून अण्णा आले. उद्या पाऊस असला, झाड पडलेलं असलं, फोनला रेंज नसली तर? बाबा, तुम्ही सांगा. जुन्या गाडीचा भरवसा आहे का?"

 गुरुजी म्हणाले, "नाही. त्याचं बरोबर आहे. आज वेळेवर पोचलो. दर वेळी पोचूच असं मला मांडता येत नाही."

 आक्कांच्या घराच्या पडवीत तो माग आहे. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचायची जागा केलेली, त्या हातावर जोर द्यायचा नाही. तरी त्या रोज तासभर बसायच्या, वीतभर, कधी चार बोटं विणायच्या. मागावर एक साडी होती. मला ठाऊक होतं, कारण मी ती बघितली होती. माग बेळगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाही.

पावणेअकराला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. आक्का आत गेल्या. विनयनं त्याच गल्लीतल्या एका बाईंशी आधीच बोलून ठेवलं होतं, तो खोली बघायला गेला. मी परत जाऊन गाडी ओढून आणली.

बॉनेट उघडलं. पट्टा दाबला. दबलाच नाही. पखवाजाच्या वादीसारखा घट्ट. बोल्ट सैल करून पट्टा उतरवला आणि पंपाची पुली हातानं फिरवली. आत वाळू भरल्यासारखी खरखरत फिरली आणि डोलली. बेअरिंग संपलेलं, त्यामागचं सील फाटलेलं, पाणी तिथून गेलेलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेलकट चकाकी होती, आणि एका जागी कुंकवाचा फिकट ठिपका. अकरा दिवसांपूर्वी मी टॉर्च लावून आत बघितलं असतं तर तो ठिपका दिसला असता.

आता खरं सांगायचं तर पंप जुनाच होता. किती वर्षांचा ते मला आठवतंय. 'पंप म्हातारा झाला होता' एवढंच म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, आणि न्यायालयातही टिकलं असतं. पण तो अजून वर्षभर चालला असता हे मला जेवढं माहीत होतं तेवढं दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी बाजारात जाऊन नवा पंप आणला, बसवला, नवा पट्टा आणला, तो चढवला नाही. स्टुलावर बसून राहिलो. पुस्तक उघडलं, एक पान वाचलं, काय वाचलं ते कळलं नाही.

चारच्या सुमारास तिघं रिक्षानं आले. डायलिसिसनंतर माणूस पिळून वाळत घातल्यासारखं होतं. आक्कांना खुर्ची दिली. नेमके अध्यक्ष तिथे होते. त्यांच्या गाडीचं तेल बदलायचं होतं आणि ते चहा घेत बसले होते.

विनय म्हणाला, "अण्णा, गाडी विकून टाका. कुणी घेतलं तर बघा. खोली ठरवली." त्याच्या बोटात त्या खोलीची किल्ली होती, निळ्या दोऱ्यात बांधलेली. पोरगा वाईट नव्हता. त्याचे डोळे सुजले होते. पुण्यात बसून दर मंगळवारी आणि शनिवारी फोनकडे बघत राहणं काय असतं, ते त्यालाच माहीत.

मी म्हटलं, "गाडी विकायची असंल तर विका. पन गाडीचा दोष न्हाय. माझा हाय."

"म्हणजे?" गुरुजींनी चष्मा सरळ केला.

मग मी सगळं सांगितलं. पट्टा घसरत होता, तो धुवायचा होता. मी धुतला नाही, ताणला. घाई केली, परत बघितलं नाही. त्या ताणानं पंपाचं बेअरिंग गेलं. आक्का तेव्हाच सांगत होत्या, त्यांना मी थट्टेवारी नेलं. फोनवरही ऐकलं नाही. खराब पंप त्यांच्यापुढे धरला आणि पुली फिरवून ती खरखर ऐकवली. "इंजिन चांगलं हाय. हेड चांगलं हाय, ते आक्कांनी वाचवलं. ही गाडी दर मंगळवारी आनि शनवारी येत हुती, तशीच येत ऱ्हाईल."

गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाईकं होती.  अध्यक्षांनी कपबशी खाली ठेवली.

"अण्णा, असं चारचौघांत बोलायचं नसतंय. धंदा हाय तुमचा."

"म्हनून तुमी निवडून येता, साहेब," मी म्हटलं.

आक्का पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, "तेल मीच लावलं हुतं."

"काय?"

"खंडेनवमीला. मागाला लावलं, धोट्याला लावलं. गाडीचा बी ताणाच की त्यो, म्हनून त्येला बी लावलं. बोटभर." मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा, आणि उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा.

"मग त्याच दिवशी सांगायचं न्हाय व्हय, आक्का?"

"तुमी विचारलं कुठं? विचारलं असतं तर सांगितलं असतं."

चाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. मी गाडीला विचारत होतो. तिच्यात बसलेल्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं.

विनय मात्र सरळ माणूस. त्यानं खोलीची किल्ली बोटातून काढली नाही. म्हणाला, "अण्णा, तुम्ही खरं बोललात, मान्य. पण उद्या परत तुम्हाला घाई असली तर? गाडीची गॅरंटी द्याल?"

"गाडीची देतो," मी म्हटलं. "माझी देत न्हाय. म्हनून आज पट्टा मी बघनार न्हाय. आक्का बघतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नवा पट्टा चढवला, दांडा घातला, थोडा ताण दिला, बोल्ट हलकेच धरला. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आक्का खुर्चीचा आधार घेत उठल्या. गुरुजी "अगं, दमलीयस" म्हणाले, त्याकडे लक्ष न देता पदर खोचून त्या बॉनेटखाली वाकल्या. लांब पल्ला कुठला ते मी दाखवलं. "हितं मधी दाबायचं. अर्धा इंच गेला पायजे."

"अर्धा इंच म्हंजे किती?"

"तुमच्या बोटाच्या पेरापेक्षा कमी."

त्यांनी उजव्या हाताचं बोट ठेवलं. दाबलं नाही आधी, नुसतं पट्ट्यावरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दाबलं. "सैल हाय."

मी दांडा रेटला. "आता?"

"अजून."

रेटला. त्यांनी डोळे मिटून दाबलं. मला अजून थोडा हवा होता. माझा अंदाज तसा होता आणि माझा अंदाज चांगला असतो, हे वर सांगितलंच आहे. मी आणखी रेटायला लागलो.

"साकु," आक्का म्हणाल्या. कन्नडात साकु म्हणजे पुरे. आमच्याकडे घरात, बाजारात, ताटावर, सगळीकडे तो शब्द चालतो, पण त्या म्हणाल्या तो ऐकल्यावर माझा हात जागच्या जागी थांबला. बोल्ट आवळला. मग मी पट्टी लावून मोजलं. अर्धा इंच. मी आणखी रेटलं असतं तर पुन्हा जास्त झालं असतं. अध्यक्ष उठून बघायला आले होते. या वेळी ते हसले नाहीत.

इंजिन सुरू केलं. आक्का कान देऊन ऐकत राहिल्या. गुणगुण नव्हती, चिरकणं नव्हतं. मग बंद करायला लावलं आणि स्वतःहून परत दाबून बघितलं. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं.

"आता दर सोमवारी आन् शुक्रवारी सांजच्याला मी बघनार," त्या विनयला म्हणाल्या. "गुरुजी पानी बघतील. काय वेगळं वाटलं तर निघायच्या आदल्या दिवशीच अण्णांना फोन. वाटंत न्हाय. झालं?"

विनयनं वडिलांकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "आता मांडता येतंय."

"आणि मागावरची साडी?" विनयनं विचारलं. खरं तर तो खोलीबद्दल विचारत होता.

"ती तुझ्या बायकोची हाय. दिवाळीला व्हायची न्हाय. संक्रांतीला बघू." आणि मग, "ती किल्ली परत दे जा त्या बाईला."

पण विनयला आईला सोडून जायचं नव्हतं. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं तर निघायला हवं होतं. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "अण्णा, तुम्ही द्याल?" मी हो म्हटलं. गाडी निघाली, विनय चालवत होता, आक्का पुढे.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात तिघांनी मला पंपाबद्दल विचारलं. अध्यक्षांनी कर्तव्य चोख बजावलं होतं. एक गिऱ्हाईक कमी झालं, ते अजून आलेलं नाही. दोन नवीन आले. ते म्हणाले, तुम्ही चूक सांगता असं ऐकलं. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, आणि आता त्यात माझ्या हाताबरोबर त्या शनिवारची दुपारही धरतो. गाडीत बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय मी आता बॉनेट उघडत नाही. आक्कांची ती साडी संक्रांतीलाही झाली नाही, गुढीपाडव्याला झाली. त्यानंतर मागावर दुसरी चढली, मग तिसरी.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी हात धुऊन मी हॉस्पिटलच्या गल्लीत गेलो. खोलीवाल्या बाई दारातच होत्या. त्यांनी खोली झाडून घेतली होती, खाटेवर धुतलेली चादर घातली होती, पाण्याची कळशी भरून ठेवली होती. मी किल्ली पुढे केली.

"काय झालं?" त्या घाबरून म्हणाल्या. हॉस्पिटलच्या गल्लीत परत आलेल्या किल्लीचा एकच अर्थ होत असणार. "पेशंट कुठायत?"

"घरी गेल्या," मी म्हटलं. "आता पोचल्या असतील."